खालची कडी

१

नागिरी डोंगराच्या रोपवेवर दिवस सुरू व्हायचा तो बोटाने. आधी बोट, मग डोळा, मग एक श्वास, आणि सगळ्यात शेवटी तोंड. बोटाने वस्तू दाखवून तिचं नाव घ्यायचं, तिच्याकडे नीट बघायचं, बघता बघता एक श्वास आत घ्यायचा आणि मगच मोठ्याने म्हणायचं, "ठीक!"

श्वासाची भानगड कुरामोचींनी घातलेली. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "श्वास कशाला?" आणि कुरामोचींचं उत्तर ठरलेलं असायचं. "तोंड हा फार उतावळा नोकर आहे बाबा. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच माल आहे म्हणून सांगून मोकळा होतो. आधी कपाटात बघू दे त्याला."

बापाच्या वयाच्या मुरलेल्या कारागिराला म्हणतात तसं कुरामोचींना सगळे 'ओयास्सान' म्हणत. माणूस असा, की घरी गॅसचं बटण बंद करतानाही बोट रोखून ओरडणार. त्यांची बायको कियो-सान सांगायची, "लग्नाच्या दिवशी माझ्याकडेसुद्धा बोट दाखवलं होतं ह्यांनी. मग श्वास घेतला. तो इतका लांबला, की पुजारी बिचारा घामाघूम!"

डबे दोन, एक लाल, एक निळा. विहिरीवरच्या दोन बादल्यांसारखे एकाच दोराला बांधलेले. लाल वर चढला की निळा खाली यायचा. पायथ्याच्या फलाटावर एक माणूस, माथ्यावर एक, आणि मध्ये दरी आणि धुकं. दोघांना जोडणारा एक जुना स्पीकर, तोही खरखरणारा. वीस-बावीस वर्षं पायथ्याला इनुझुका आणि माथ्यावर ओयास्सान. इनुझुकाने खालून एकेक नाव पुकारायचं, ओयास्सानने वर बघून उत्तर द्यायचं.

"मोठी कप्पी!"

श्वास ऐकू यायचा. "ठीक."

"ब्रेक!"

श्वास. "ठीक."

"दरीकडचं दार, वरची कडी! खालची कडी!"

या खालच्या कडीला वेळ लागायचा. डब्याचं दरीकडचं दार अडीअडचणीचं, एरवी बंदच. त्याची खालची कडी बाकाखाली, पार जमिनीलगत. कंबरेत वाकल्याशिवाय दिसायची नाही. ओयास्सान वाकले की त्यांचे गुडघे कटकन वाजायचे, आधी डावा, मग उजवा, आणि दरी ओलांडून तो आवाज इनुझुकाच्या टेबलावर यायचा.

"ओयास्सान, गुडघ्यांना तेल घाला आता."

"तुझ्या डोक्याला घालून उरलं तर घालीन. खालची कडी, ठीक."

यंत्राचं झालं की माणसाचं. नियमाने दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं असतं. इथे मध्ये दरी, म्हणून ते आवाजावर आणि विश्वासावर चालायचं. "इनुझुका! हेल्मेट?" "ठीक." "हनुवटीचा पट्टा?" "ठीक." "कंबरेचा बेल्ट? बूट?" "ठीक, ठीक." "पायथा?" "ठीक!" मग इनुझुका हिरवं बटण दाबायचा आणि दोर सुटायचा.

इनुझुकाची बायको फार पूर्वी सोडून गेलेली, आई वारलेली. रोज सकाळी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत लक्ष देणारं असं जगात एकच माणूस होतं, आणि ते दरीच्या पलीकडे होतं.

वसंतात एका संध्याकाळी ओयास्सान अंघोळीच्या गरम पाण्याच्या टाकीत बसले, डोक्यावर ओल्या रुमालाची घडी ठेवली आणि तसेच गेले. झाडांची पानं पिकायला लागली तेव्हा एका सकाळी वरून शिरासेने पुकारलं, "मोठी कप्पी!" आणि "ठीक" मात्र दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

२

शिरासे कोण, तर इनुझुकाचा वरिष्ठ. वयाने चौदा-पंधरा वर्षांनी लहान. शहरातल्या रेल्वेतून आलेला, उंच, गोड बोलणारा. बोट दाखवून पुकारण्याच्या स्पर्धा होतात, त्यात बक्षीस मिळवलेला. ओयास्सानच्या जागी इनुझुका बसणार हे पायथ्याच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा ठाऊक होतं, आणि कंपनीने शिरासेला आणून बसवलं. इनुझुकाच्या तोंडाला पानं पुसली गेली. तो नुसता वाकला आणि म्हणाला, "सांभाळून घ्या."

तिकीट-खिडकीत बसणारी मोतोए-सान मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. रॉकेलच्या स्टोव्हवर रताळी भाजता भाजता ती म्हणाली, "इनुझुका-सान, तोंड असं करू नका. गिऱ्हाईकांना वाटेल वर पाऊस आहे."

"मी कुठे काय केलंय?"

"तेच ना. केलं असतं तर बरं."

पद गेल्याचं दुःख इनुझुकाने गिळलं असतं. पण शिरासेने आल्या आल्या पद्धत बदलली. "इनुझुका-सान, तुम्हाला कशाला उगाच त्रास? माथ्यावरचं मीच पुकारतो, मीच बघतो. तुम्ही फक्त ऐका आणि शेवटी पायथा सांगा. आणि हेल्मेट-बूट आपण सकाळी भेटतो तेव्हा दिसतातच की." बोलणं इतकं रास्त, की त्यावर भांडायला कुठे बोट ठेवावं ते कळेना. त्या दिवसापासून इनुझुकाला त्याच्या हेल्मेटबद्दल कुणी विचारलं नाही.

आणि मग हातमोजे. ओयास्सानचे पांढरे सुती हातमोजे, उजव्या तर्जनीच्या टोकाला झिजून पिवळट झालेले. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या दिवसांत इनुझुका उदबत्ती लावायला कियो-सानकडे गेला, तेव्हा ते देव्हाऱ्याजवळच्या जागी नव्हते.

"शिरासे-सान घेऊन गेले," कियो-सान चहा ओतत म्हणाली. "मागितले हो त्यांनी. इतक्या नम्रपणे मागितले. घालून पाहिले तर नेमके बसले."

"मला..." इनुझुका म्हणाला.

"तुम्हाला हवे होते? मग बोलायचं नाही का! इतकी वर्षं घरी येता, कधी एक चमचा मागितला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल काही."

घरी जाताना नदीवरच्या पुलावर तो थांबला. हातमोजे मिळाले नाहीत याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. ते त्या दुसऱ्याच्या हाताला नेमके बसतात, हे त्याच्या पोटात दुखत होतं.

३

म्हणून त्या सकाळी स्पीकरमधून "ठीक" आलं, तेव्हा इनुझुकाच्या अंगावर काटा आला तो भीतीने नव्हे. आधी काही क्षण त्याला आनंदच झाला. कुणी परगावाहून आल्याचा व्हावा तसा. मग लक्षात आलं, की हे उत्तर आपल्याला नाही.

तो शहाणा माणूस होता. त्याने सगळे हिशेब करून पाहिले. माथ्यावर दुसरं कुणी नव्हतं. शिरासेला लाल डब्यात बसवून दार त्यानेच लावलं होतं, आणि पायवाट दरड कोसळल्यापासून बंद होती. प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी बोललेलंच परत बोलतो. शिरासेने "ब्रेक" म्हटलं आणि "ठीक" घोगऱ्या आवाजात आलं, थोडं नाकातून, शेवटाला किंचित दाबलेलं. शिरासे नक्कल करत असेल? कुणासाठी? रिकाम्या फलाटावर नक्कल कोण करतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने मोतोए-सानला मुद्दाम खोलीत बोलावलं.

"ऐका जरा."

ती रताळं फुंकत ऐकत राहिली. स्पीकर खरखरत होता. "वजन!" "ठीक."

"काय ऐकायचंय?"

"किती जणांचे आवाज आहेत?"

मोतोए-सानने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "शिरासे-सान आहेत की. आवाज काय सुरेख आहे नाही? गाण्याच्या बारमध्ये नेलं पाहिजे यांना एकदा."

दुपारी शिरासे खाली आला. दोघे बाकावर बसून गरम सोबा, त्या शेवया, भुरकत होते, तेव्हा इनुझुकाने वाडग्यात बघतच विचारलं, "वर एकटं वाटत नाही?"

"सुरुवातीला वाटायचं. आता नाही." शिरासेने खायच्या काड्या खाली ठेवल्या. "हसू नका हं. वर गेलं की पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. सगळं बघून झालंय, तू नुसतं बोल, असं. माझं ओझंच उतरतं. तुम्हाला माहीत असेल म्हणा. तुम्ही तर त्यांच्यासोबत वर राहिला असाल."

"मी खाली होतो," इनुझुका म्हणाला. "मी कायम खालीच होतो."

शिरासेने मान हलवली आणि सोब्याचं पाणी पिऊन टाकलं. त्याच्या मांडीवर ते हातमोजे होते.

आता इनुझुका रोज स्पीकरला कान लावून बसू लागला. एखादा संशयी नवरा शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतो तसा. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट त्याच्या कानाला बोचू लागली. शिरासेचा शब्द संपतो न संपतो तोच उत्तर येत होतं. "मोठी कप्पी ठीक." "ब्रेक ठीक." मध्ये फट नाही. सुरी घालायची म्हटली तरी जागा नाही. आणि खालच्या कडीपाशी कुणाचेच गुडघे वाजत नव्हते. ना त्या आवाजाचे, ना शिरासेचे. आधी शिरासे वाकायचा. त्याच्या बुटांची करकर यायची. आता तीही येईनाशी झाली होती.

ज्याने जन्मभर सगळ्यांना श्वास घ्यायला लावला, तो स्वतः श्वास कसा विसरेल? हा प्रश्न इनुझुकाच्या मनात आला. पुरता आला. आणि त्याने तो बाजूला सारला, कारण प्रश्न खरा ठरला असता तर तो आवाज ओयास्सानचा राहिला नसता, आणि मग त्याच्याकडे हेवा करण्यापुरतंसुद्धा काही उरलं नसतं.

४

शिरासेच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो रजेवर गेला. खाली बसायला दुसऱ्या डोंगरावरचा एक म्हातारा मेकॅनिक आला. इनुझुका माथ्यावर गेला.

जाताना त्याने दाढी केली होती. नवा बनियन घातला होता. मोतोए-सान खिडकीतून ओरडली, "कुणाला बघायला निघालात? मुलगी वर आहे वाटतं!"

"गप्प बसा हो."

"लाजले! इनुझुका-सान लाजले!"

माथ्याची खोली लहान. एक खिडकी दोराकडे, एक दरीकडे. किटली, चपटी झालेली गादी, खुंटीला रेनकोट. गादीचा मधला खळगा ओयास्सानच्या बसण्याचा होता. आता त्यात शिरासे बसत असे, आणि खळगा जरा रुंद झाला होता. इनुझुका त्यात बसला नाही. कडेला उभा राहिला. वारा दोरावरून जाताना एक बारीक सूर लागायचा, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा.

तो फलाटावर गेला, पाय जुळवले, बोट रोखलं.

"मोठी कप्पी!"

वाट पाहिली. दोराचा सूर. बस्स.

त्यानेच श्वास घेतला आणि म्हटलं, "ठीक."

"ब्रेक!"

काही नाही.

इतकं चांगलं त्याने आयुष्यात कधी पुकारलं नव्हतं. हात खांद्यापासून सरळ, आवाज पोटातून. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, दारात उभं राहून कडी वाजवणाऱ्यासारखा, आणि आतून कुणी येत नाही हे कळलं की स्वतःच उत्तर द्यायचा. खालच्या कडीला तो वाकला. त्याचे स्वतःचे गुडघे वाजले, दोन्ही. फलाटावर तो आवाज फार मोठा वाटला.

शेवटी धीर करून तो हलकेच म्हणाला, "ओयास्सान, मी आहे. इनुझुका. हेल्मेट विचारा ना."

स्पीकरमधून खालचा म्हातारा खाकरला. "काय म्हणालात? हेल्मेट हरवलंय?"

"नाही," इनुझुका म्हणाला. "काही नाही. माथा, ठीक."

शिरासे रजेवरून परतला त्या सकाळी इनुझुका खाली कान देऊन बसला होता. पहिल्याच शब्दाला वरून उत्तर आलं. चटकन. जणू कोणी दाराआड उभं राहून त्याचीच वाट पाहत होतं.

५

पानं ऐन रंगात आली. उद्यापासून गर्दी. संध्याकाळी शेवटची फेरी झाली, लाल डबा पायथ्याला लागला, शिरासे घरी गेला, मोतोए-सानने खिडकीची फळी लावली. इनुझुका डब्यात शिरला, बाकाखाली वाकला आणि दरीकडच्या दाराची खालची कडी त्याने वर उचलून ठेवली.

हे कुणाचं वाईट करायला नाही, हे त्याने स्वतःला चांगलं समजावून सांगितलं होतं. दार वरच्या एका कडीवरही टिकतं. खांबावरून जाताना गचका बसतो, तेव्हा कुणी त्याला टेकून उभं असेल तरच धोका. ओयास्सान हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. आणि शिरासे वर जाताना पुढच्या काचेशी उभा असतो, दोर बघत. तपासणी आटोपून त्याच डब्यातून खाली येताना मात्र टेकून उभा राहतो, अगदी त्याच दाराला. पण येईपर्यंत गोष्ट जाणारच नव्हती. वर तपासणीत एकतर शिरासे वाकेल आणि कडी बघेल, म्हणजे तो खरा. नाहीतर तो आवाज उघड्या कडीला "ठीक" म्हणेल. मग इनुझुका लाल बटण दाबेल, सगळं थांबवेल आणि चार लोकांदेखत सांगेल, की कडी उघडी आहे, तुमच्या शिरासे-साननी बघितलीच नाही. एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याने रात्री अंथरुणात तीनदा म्हणून बघितला. "थांबा."

सकाळी धुकं होतं. गावातल्या ज्येष्ठांचं मंडळ जेवणाचे डबे घेऊन रांगेत उभं होतं, आजोबा-आजी, रंगीत टोप्या, मोठमोठ्याने हसणं. शिरासे लाल डब्यातून वर गेला. निळा खाली आला. मोतोए-सानने मंडळींना निळ्यात बसवायला सुरुवात केली. इनुझुका यंत्राच्या खोलीत टेबलाशी बसला. डाव्या हाताशी लाल बटण, उजव्या हाताशी हिरवं.

"मोठी कप्पी!" "ठीक."

"ब्रेक!" "ठीक."

"वजन!" "ठीक."

"दरीकडचं दार, वरची कडी!" "ठीक."

इनुझुकाने डावा हात लाल बटणावर ठेवला.

"खालची कडी!"

"ठीक."

बुटांची करकर नाही. गुडघे नाहीत. श्वास नाही. तो आवाज ओयास्सानचा नव्हता. त्यांचं सगळं त्यात होतं, घोगरेपणा, नाकातला हेल, शेवटचा दाब, आणि आत ओयास्सान नव्हते. दुकानाची पाटी तीच आणि आत भलताच कोणी बसलेला. हे इनुझुकाला इतकं स्वच्छ कळलं, की हसूच यायला लागलं. जिंकलो, त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं.

"इनुझुका!" स्पीकर म्हणाला.

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हेल्मेट?"

स्पीकर खरखरला नाही. आवाज दरीपलीकडून आल्यासारखा नव्हताच. टेबलाच्या पलीकडून यावा तसा होता.

"ठीक," इनुझुका म्हणाला.

"हनुवटीचा पट्टा?"

त्याचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. लाल बटणावरून उठून गेला. "ठीक."

"बेल्ट?"

"ठीक." डोळ्यांत पाणी आलं होतं. कितीतरी दिवसांनी कुणी विचारत होतं.

"बूट?"

"ठीक."

"पायथा?"

एक श्वास घ्यायला त्याला वेळ होता. तो त्याने घेतला नाही.

"ठीक!" आणि उजवा हात हिरव्या बटणावर पडला.

दोर सुटला. निळा डबा हसत-खिदळत वर निघाला. इनुझुका बसल्या जागी, दोन्ही हात टेबलावर ठेवून समोरच्या काचेतून धुक्याकडे बघत राहिला. लाल बटण अजूनही तिथेच होतं. ते अगदी जवळ होतं.

दुसऱ्या खांबापाशी धुकं एवढंसं फाटलं. लाल डबा दिसला. त्याच्या काचेत दोन माणसं समोरासमोर उभी होती. एकाची पाठ दरीकडच्या दाराला. दुसऱ्याचा हात पुढे, पांढरा, बोट रोखलेलं. बोट डोक्याकडे होतं. मग हनुवटीकडे. मग कंबरेशी. मग हळूहळू खाली, बुटांकडे उतरू लागलं.

डबा खांबावर चढला, गचका बसला, आणि धुकं मिटलं.

किंचाळी आली नाही. स्पीकर सुरू होता. त्यातून एकच शब्द आला, आणि तो कोणता ते सांगायला नको.

लाल डबा फलाटाला लागला तेव्हा दरीकडचं दार सावकाश हलत होतं. आत कुणी नव्हतं. बाकावर एकच हातमोजा होता, उजवा.

६

चौकशी रीतसर झाली. शिरासे दुसऱ्या खांबाखाली सापडला. साहेबांनी इनुझुकाला विचारलं, "सगळं पुकारलं गेलं होतं?"

"सगळं."

"खालची कडी?"

"तीही पुकारली. ठीक म्हणून उत्तर आलं."

यात खोटं काहीच नव्हतं. हातवळणीच्या कामात असं होतं, तोंड पुढे जातं, डोळा मागे राहतो, असं साहेबांनीच त्याला समजावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मोतोए-सानने मात्र खिडकीत रताळी भाजणं बंद केलं होतं. एक दिवस ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"इनुझुका-सान, मी तुमच्या खोलीच्या दारातच होते त्या सकाळी. मंडळी बसली म्हणून सांगायला आले होते."

"मग?"

"हेल्मेट, पट्टा, बूट... तुम्हीच विचारत होता आणि तुम्हीच उत्तर देत होता. साहेबांना मी नाही सांगितलं. माणूस एकटा असला की बोलतो स्वतःशी." तिने दाराची चौकट धरली. "पण आवाज... विचारताना तुमचा आवाज अगदी ओयास्सानसारखा येत होता हो. मी चरकलेच."

असं ऐकून माणसाने हादरायला हवं. इनुझुकाला क्षणभर फार बरं वाटलं. "अगदी?" त्याने विचारलं. "अगदी त्यांच्यासारखा?"

मोतोए-सान त्याच्याकडे बघत मागे सरकली. पुढच्या महिन्यात तिने बसस्टँडवर नोकरी धरली.

वरिष्ठाची जागा इनुझुकाला मिळाली. राहिलेला एक हातमोजा कंपनीने कियो-सानकडे पोचवला आणि तिने तो त्याला दिला. "आता तरी घ्या," ती म्हणाली. तो त्याच्या हाताला जरा मोठा होतो.

तो माथ्यावर जातो तेव्हा पुकारतो, थांबतो, स्वतःच उत्तर देतो. दोराचा सूर तेवढा असतो. पण पायथ्याच्या पाळीला, लाल डबा त्याच्यासमोर फलाटाला लागलेला असतो, वर चिटपाखरू नसतं, तेव्हा स्पीकर खरखरायचा थांबतो.

"मोठी कप्पी!" शिरासेचा तो गोड, सुरेल आवाज.

"ठीक."

"खालची कडी!"

"ठीक."

दोघांच्या मध्ये श्वास कुठेच नसतो. मग ते एकमेकांचं सुरू करतात. हेल्मेट. पट्टा. बेल्ट. बूट. निवांत, घरातल्या घरात बोलावं तसं. इनुझुका उठून उभा राहतो, हेल्मेट सरळ करतो, पट्टा आवळतो, तो सैल हातमोजा घातलेलं बोट वर धरून काचेसमोर ताठ राहतो. आता विचारतील. आता नाव घेतील.

यादी संपते. पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पायथ्याला कुणी विचारत नाही.